कादंबरी मिटली की गाणे

कादंबरी मिटली की मनात आपोआप एखादे गाणे सुरू व्हावे, ही माझी जुनी खोड. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ (१९६७) संपले की मात्र गाणे नकोच वाटते. एवढ्या पल्लेदार भाषेनंतर शांतता बरी.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’चे (१९६२) निराळे. थेऊरला १७७२ साली सत्तावीस वर्षांचे माधवराव क्षयाने जातात, रमाबाई सती जातात. घरोघरी ही पाने डोळे पुसत वाचली गेली. माझ्या मनात त्यांना जोडून बसला तो सोयराबाईंचा ‘अवघा रंग एक झाला’, किशोरी आमोणकरांच्या आवाजातला. जोडी फारच शोभते, आणि नेमके तिथेच सौ. अडवते.

“अहो, सोयराबाई स्वतःच्या तोंडानं बोलतेय. रमेला कुणी विचारलं होतं?”

कादंबरीतली रमा स्वतःच निर्धार करते, असे मी म्हणतो.

“तो तिच्या तोंडी घातला तुमच्यासारख्याच एका कादंबरीकारानं!”

यावर मी काय बोलणार? अभंगात मीपणा विरतो, तरी गाणारी उरते. थेऊरच्या नदीकाठी उरले आहे ते सतीचे स्मारक. ती शेवटची पाने अजून वाचतो, डोळेही भरतात. गाणे तेवढे लावत नाही.