तालीम

पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. कोल्हापुरातील गंगावेशीच्या आसपासचे रस्ते अद्याप निजलेले असतात. अशा वेळी तालमीच्या दारातून एकेक मुलगा वाकून आत शिरतो. जुन्या तालमींची दारे बहुधा ठेंगणी असतात. कितीही उंच मल्ल असला तरी आत जाताना त्यास मान लववावीच लागते. आत मारुतीची तसबीर, तिच्यापुढे तेवणारा दिवा, भिंतीशी टेकवून ठेवलेली फावडी आणि मधोमध तांबड्या मातीचा चौकोनी हौदा. मुलगा मारुतीस नमस्कार करतो, लंगोट कसतो आणि कुस्तीस उभा राहण्याऐवजी फावडे उचलतो.

आदल्या दिवशी तुडवली गेलेली माती आधी उकरावी लागते. हौदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खणून काढीपर्यंत खांदे भरून येतात आणि अंगातील थंडी कोठल्या कोठे पळते. ही माती शेतातील मातीसारखी नसते. ती चाळून, खडे वेचून घेतलेली असते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस अशा वस्तू मुरवलेल्या असतात. त्यामुळे ती मऊ व किंचित ओलसर राहते आणि तिच्यावर आपटलेल्या माणसास फारशी इजा होत नाही. हौद्याची निगा राखण्यास तालमीत नोकर नसतो. ज्यास या मातीत खेळावयाचे आहे, त्यानेच ती खणावी, असा रिवाज आहे. श्रीमंताच्या मुलासही त्यातून सूट मिळत नाही.

'तालीम' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. नाटकाच्या सरावासही मराठीत तालीमच म्हणतात. अंग कमावण्याच्या जागेस हे नाव पडले, ते फार समर्पक होय. तेथे पुस्तक नसते, फळा नसतो, परीक्षेचे गुणपत्रकही नसते. तथापि तेथे काय शिकावयास मिळते हे पाहिले, म्हणजे ती शाळाच आहे हे ध्यानात येते.

माती उकरून झाली की मेहनतीस आरंभ होतो. प्रथम जोर, मग बैठका. नवख्या मुलास पन्नास जोरांतच धाप लागते. मुरलेला मल्ल ते शेकड्यांनी काढतो. मोठ्यांचे पाहून एखादा मुलगा पहिल्याच दिवशी त्यांची बरोबरी करू पाहतो, तेव्हा वस्ताद त्यास अडवितो. आज वीस, चार दिवसांनी पंचवीस, अशा बेताने तो त्यास वाढवीत नेतो. उतावळेपणाने मेहनत केली तर अंग धरते व दुसऱ्या दिवशी उठवत नाही. ज्यास लवकर मोठे व्हावयाचे असते, त्यास तालीम प्रथम सावकाश चालावयास शिकविते.

यानंतरचा धडा पडण्याचा असतो. बाहेरच्या माणसास याचे नवल वाटते. कुस्ती म्हणजे दुसऱ्यास पाडणे, असेच तो समजतो. परंतु नव्या मुलास पहिले कित्येक दिवस पडावेच लागते. त्याच्याहून जुना जोडीदार त्यास धरतो, डावावर घेतो आणि मातीवर टाकतो. हनुवटी छातीशी कशी घ्यावी, हात अंगाखाली कसा सापडू देऊ नये, दम कसा सोडावा, हे मुलास हळूहळू उमगते. जपानमध्ये १८८२ साली कानो जिगोरो यांनी जूडो हा झोंबीचा प्रकार सुरू केला. त्यातही पडण्याची रीत प्रथम शिकवितात. तिला ते लोक 'उकेमी' असे म्हणतात. दोन दूरच्या देशांतील जाणत्यांनी एकाच धड्यापासून आरंभ करावा, यास कारण आहे. पडण्याचे भय वाटणारा मुलगा अंग ताठ धरतो. ताठ अंग सहज उलथते आणि त्यास मारही अधिक लागतो. शंभर वेळा पडल्यावर ते भय उरत नाही. मग तो मोकळ्या अंगाने लढू लागतो.

आता डावांचे मर्म पाहू. उभ्या माणसाचे वजन त्याच्या दोन पावलांच्या मध्ये तोललेले असते. ते पावलांच्या बाहेर गेले की तो पडतो. मग तो पाच मण वजनाचा का असेना. समोरचा गडी जोराने रेटा देऊ लागला, म्हणजे त्याचे वजन आपसूक पुढे आलेले असते. तेवढ्या क्षणी हुशार मल्ल मागे न रेटता त्यास पुढे ओढतो व बाजूस सरतो. एकेरी पटात गड्याचा एक पाय उचलून घेतात. एका पायावर उभे राहिलेल्यास तोल सांभाळणे जड जाते. ढाकेत गड्यास बिलगून, त्याच्याकडे पाठ फिरवीत त्यास आपल्या कमरेवरून पुढे फेकतात. या सर्वांत बळ लागतेच. परंतु केव्हा व कोठे बळ लावावे हे कळण्यास डोके शांत असावे लागते. चिडलेला मुलगा आंधळेपणाने रेटा देतो आणि रेटा देणारा नेमका पडतो. रागावर ताबा ठेव, असे त्यास दहा वेळा सांगून जे साधत नाही, ते पाठीस दहा वेळा माती लागल्यावर साधते.

जोडीदाराविषयी तालमीत शिकावी लागणारी गोष्ट याहूनही नाजूक आहे. एकट्याने जोर काढता येतात, बैठका मारता येतात. पण कुस्ती एकट्याने खेळता येत नाही. आज आपल्या हातून जोडीदाराचा खांदा निखळला, तर उद्या आपणांस सरावास कोण मिळणार? म्हणून हात कोठपर्यंत पिळावा आणि कोठे सोडावा, हे मुलगा स्वतःच्या गरजेपोटीच शिकतो. मैदानात कुस्ती लागताना दोघे मल्ल हात मिळवून सलामी देतात. मूठभर माती उचलून एकमेकांच्या अंगास लावतात. घामाने अंग निसरडे होऊन पकड सुटू नये, हा त्यातील व्यवहार. पण ज्यास पाडावयाचे त्याचीही पकड नीट बसावी अशी तजवीज स्वतःच करावयाची, हे विशेष आहे.

कोल्हापुरास कुस्तीची ही पेठ भरभराटीस आली ती मुख्यतः राजर्षी शाहू महाराजांच्या काळी. त्यांनी मल्लांस आश्रय दिला, आणि १९१२ साली खासबागेचे मैदान लोकांस खुले झाले. मध्ये मातीचा आखाडा खाली आणि सभोवार चढत जाणारी बैठक, अशा रचनेमुळे कोठेही बसलेल्यास कुस्ती दिसते. पुढे दूरदूरच्या खेड्यांतून मुले पथारी व पितळी तांब्या घेऊन कोल्हापुरास येऊ लागली.

या मातीत घडलेल्यांपैकी एकाची हकीकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः कुस्तीगीर. पाच भावांत खाशाबा धाकटे. बांधा लहानखोर, उंची बेताची. पुढे ते कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात शिकावयास आले. तेथील वार्षिक सामन्यांत भाग घेण्यास ते निघाले, तेव्हा त्यांची चण पाहून त्यांचे नाव घेण्यास नकार मिळाला. खाशाबा प्राचार्यांकडे गेले व त्यांनी संधी मागितली. ती मिळाल्यावर आपल्याहून थोराड गड्यांस त्यांनी चीत केले.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा भार उचलला होता. तेथे त्यांच्यापुढे निराळीच अडचण उभी राहिली. सारा जन्म मातीत खेळलेल्या या मल्लास तेथे गादीवर लढावे लागले. मातीच्या कुस्तीत पाठ लागेपर्यंत झुंज चालते. गादीवर वेळेचे बंधन असते व गुणांवरही निकाल लागतो. पायाखाली माती नाही, नियम अनोळखी, आणि तरीही खाशाबा आपल्या वजनगटात सहावे आले. सहाव्या क्रमांकास पदक नसते. एखादा हिरमुसला असता. खाशाबांनी परत येऊन मेहनत वाढविली. पडल्यावर उठून पुन्हा हात मिळविण्याची सवय त्यांस बालपणापासून होती. ती येथे उपयोगी पडली.

१९५२ च्या सामन्यांसाठी फिनलंडमधील हेलसिंकी येथे जावयाचे होते. त्यास पैसा लागणार होता आणि तो घरी नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी एवढ्या रकमेत एक कुटुंब वर्षानुवर्षे सुखाने राहिले असते. इतका मोठा भार डोक्यावर घेऊन तो सव्वीस वर्षांचा तरुण हेलसिंकीस उतरला. कॅनडा व मेक्सिको या देशांच्या मल्लांवर त्यांनी विजय मिळविला. जपानचे इशी आणि सोव्हिएत संघाचे मामेदबेकोव्ह यांच्यापुढे मात्र त्यांस हार घ्यावी लागली. इशी यांस सुवर्णपदक, मामेदबेकोव्ह यांस रौप्य आणि खाशाबांस कांस्य. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

ते परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हलगी वाजली, गुलाल उधळला गेला. गुलाल धुऊन निघाल्यावर खाशाबांनी जे केले, ते पदकाइतकेच मोलाचे मानावे लागेल. त्यांनी कुस्त्यांचे सामने भरविले, त्यांत स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून दाखल झाले. मान मात्र त्यांस फार उशिरा मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर जाहीर झाला. ही उणीव त्यांची नव्हे, देशाची.

तालमीत गेलेला प्रत्येक जण असाच घडतो, असे समजण्याचे कारण नाही. कमावलेल्या बळाचा गर्व होऊन दांडगाई करणारेही निघतात. चांगला वस्ताद अशांवर नजर ठेवतो. प्रसंगी त्यांस हौद्यात उतरू देत नाही. शिवाय खुराकाचा प्रश्न असतो. दूध, तूप, बदाम यांस दाम पडतो. मुलाच्या खुराकापायी दुभते जनावर घेणारा आणि स्वतः कोरडी भाकरी खाणारा बाप खेडोपाडी आढळतो. एखादे दिवशी गुडघा मोडतो आणि सारी स्वप्ने मातीस मिळतात. हे जाणूनही मुले येत राहतात.

वस्तादाकडून शिष्याकडे ही विद्या कशी जाते, याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झाले. १९७० साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पुढे ते पुण्यास मुलांस शिकवू लागले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांचा शिष्य. गुरू २०११ साली निवर्तले. शिष्याने २०१८ साली राष्ट्रकुल सामन्यांतच सुवर्णपदक मिळविले.

पिढ्यान्‌पिढ्या हौद्याजवळ मुलींस फिरकू दिले जात नसे. ती रीत आता मोडत चालली आहे. २००४ पासून ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या कुस्त्या होऊ लागल्या. हरियाणातील रोहतक जिल्ह्याच्या साक्षी मलिक २०१६ साली रिओ येथे लढल्या, तेव्हा पदकाच्या कुस्तीत त्या पाच गुणांनी मागे होत्या आणि प्रतिस्पर्धिनीच्या पाच गुणांपुढे त्यांचा एकही गुण नव्हता. घड्याळ पुढे सरकत होते. त्यांनी पाचास पाच अशी बरोबरी साधली, शेवटच्या काही क्षणांत आघाडी घेतली आणि कुस्ती आठास पाच अशी जिंकून कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्रात २०२३ साली सांगली येथे स्त्रियांसाठी महाराष्ट्र केसरीची स्पर्धा प्रथम भरली.

पदके मिळविणारे थोडे. बाकीचे पंचविशी उलटल्यावर गावी परततात. कोणी शेती करतो, कोणी फौजेत जातो, कोणी दुकान घालतो. कुस्तीगीर म्हणून त्यांची एकच खूण उरते, ती म्हणजे कान. झोंबीत वर्षानुवर्षे घासले गेल्याने मल्लांचे कान सुजून कायमचे जाड व चुरमडल्यासारखे होतात. आठवड्याच्या बाजारात असे कान असलेले दोन अनोळखी म्हातारे समोरासमोर आले, तर ते थांबतात. "पाहुणं, कुठली तालीम?" असा प्रश्न होतो, आणि बाजार तसाच राहून जातो.

असाच एखादा म्हातारा गावच्या जत्रेच्या आधी महिनाभर मारुतीच्या देवळामागची जागा झाडून घेतो. दोन गाड्या तांबडी माती टाकवितो, ती स्वतः चाळतो. संध्याकाळी शाळा सुटल्यावर लहान मुले तेथे जमतात. जत्रेत त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागावयाच्या असतात. मुलांस डाव शिकण्याची घाई असते. म्हातारा त्यांच्या हाती आधी फावडे देतो.