इयरबड चार्ज होत नाहीत? टप्प्याटप्प्याने तपासा

रात्रभर डबीत ठेवूनही सकाळी एकच इयरबड वाजला, की ‘बॅटरी गेली’ असं आपण लगेच ठरवून टाकतो. पण घाई करू नका. पुष्कळदा बॅटरी शाबूत असते आणि वीज तिच्यापर्यंत पोहोचत नसते. ती नेमकी कुठे अडते हे घरच्या घरी शोधता येतं.

वीज कशी पोहोचते

एका जोडीत एकूण तीन बॅटऱ्या असतात. प्रत्येक बडमध्ये एक, साधारण ३० ते ६० मिलिअँपिअर-अवरची, आणि डबीत त्याहून बरीच मोठी. डबीच्या खाचांत स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक पिना असतात आणि बडवर त्यांच्या समोर धातूचे ठिपके. दोन्ही नीट टेकले तरच बड चार्ज होतो.

आधी केबल आणि चार्जर

डबीचा दिवाच लागत नसेल तर दुसरी केबल आणि दुसरा चार्जर लावून बघा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल वापरत असाल, तर एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी प्लग असलेली केबल लावा. टाइप-सी चार्जर समोरच्या उपकरणाकडून ठरावीक खूण मिळाल्याशिवाय वीज सोडत नाही. ही खूण देणारे छोटे रेझिस्टर काही स्वस्त डब्यांत बसवलेलेच नसतात. अशी डबी बिघडलेली नसते, तिला फक्त जुन्या पद्धतीची केबल लागते.

मग पिना आणि ठिपके

डबीचा दिवा लागतो पण बड चार्ज होत नाही, अशा वेळी बड खाचेत ठेवून बोटाने हलकेच दाबा. दाबल्यावर चार्जिंग सुरू झालं आणि बोट काढताच थांबलं, तर दोष स्पर्शात आहे. मोबाईलच्या टॉर्चखाली पाहिलं तर ठिपक्यांवर कानातल्या मळाचा पिवळट थर किंवा घामाने आलेला हिरवट-काळा डाग दिसतो.

केबल काढून ठेवा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंबभर ओलावा देऊन ठिपके आणि पिना पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सुई किंवा टाचणी अजिबात वापरू नका. त्याने पिना वाकतात, वरचा मुलामा खरवडला जातो आणि शॉर्ट सर्किटही होऊ शकतं.

नवी जोडी असेल तर ठिपक्यांवरची पारदर्शक पट्टी काढली आहे ना, ते पाहा. मोठ्या मापाच्या रबरी टोप्यांमुळेही बड खाचेत पूर्ण बसत नाही.

रीसेट

सगळं स्वच्छ असूनही एकच बाजू अडत असेल, तर माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे रीसेट करा. मोबाईलच्या ब्लूटूथ यादीतून जुनी नोंद काढून जोडी नव्याने जोडा.

अनेक महिने बंद पडून राहिलेली जोडी लगेच दाद देत नाही. ती तासभर चार्जरवर राहू द्या. बराच काळ ठेवून द्यायची असेल तेव्हा अर्धवट चार्ज करून ठेवा.

बॅटरीच थकली असेल तर

चार्ज पूर्ण दिसतो, पण थोड्याच वेळात बड बंद पडतो, हे बॅटरी थकल्याचं लक्षण. वॉरंटी शिल्लक असेल तर बड उघडू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा. बड किंवा डबी फुगली असेल, फार तापत असेल, तर चार्ज करणं त्याच क्षणी थांबवा. ती घरच्या कचऱ्यात टाकू नका, लिथियम बॅटरी दाबली गेली की पेट घेऊ शकते. अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

पुन्हा बिघडू नये म्हणून

व्यायामानंतर किंवा पावसात भिजल्यावर बड पुसून, वाळवून मगच डबीत ठेवा. ‘आयपीएक्स४’ लिहिलेलं असलं तरी ते पाण्यापासूनचं संरक्षण शिंतोड्यांपुरतं असतं, आणि अनेकदा ते फक्त बडना लागू असतं, डबीला नाही. ओले बड बंद डबीत ठेवले की घामातलं मीठ आणि वीज मिळून धातू खातात. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने ठिपके पुसले, तरी नवी जोडी घेण्याची वेळ पुष्कळ लांबते.