नांगर, रूळ आणि आयात-जकात

शेतांतील नांगर आणि क्रिकेटच्या मैदानावरील अवजड रूळ यांचें नातें तें काय, असें कोणीं विचारिलें तर आपणांस हंसूं येईल. परंतु सरकारच्या जकात-दरपत्रकांत दोघेही एकाच घरांत नांदतात. ८४३२ क्रमांकाच्या सदरांत नांगर, कुळव व पेरणीयंत्रें यांच्या पंक्तीस हिरवळीचे व क्रीडांगणाचे रूळ बसविलेले आहेत. ही मांडणी केवळ आपल्या देशाची नव्हे; १९८८ सालापासून जगांतील बहुतेक व्यापारी राष्ट्रें याच क्रमांकांनीं माल ओळखतात. म्हणून या संबंध सदरावरील कर उतरला, कीं आमच्या नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानासारख्या क्रीडांगणास लागणारा रूळही त्या सवलतींत येतो.

आयात-जकात म्हणजे पूर्वीं शहराच्या नाक्यावर घेत ती जकात नव्हे. परदेशांतून उतरणाऱ्या मालावर केंद्र सरकार ही घेतें. तिचा हिशेब तीन पायऱ्यांचा असतो. उदाहरणार्थ, एका पेरणीयंत्राची बंदरांतील किंमत १,००,००० रुपये व मूळ शुल्क शेंकडा साडेसात धरूं. मूळ शुल्क झालें ७,५०० रुपये. त्या शुल्कावर शेंकडा १० समाजकल्याण अधिभार, म्हणजे ७५० रुपये. आतां बेरीज झाली १,०८,२५० रुपये. आणि या बेरजेवर वस्तु व सेवा कर बसतो. तो पूर्वीं शेंकडा १२, म्हणजे १२,९९० रुपये होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शेंकडा ५ झाला. म्हणजे ५,४१२ रुपये ५० पैसे. एका यंत्रामागें साडेसात हजारांहून अधिक फरक पडला.

या करांचे स्वभाव मात्र निरनिराळे आहेत. शेवटचा कर देशी व परदेशी मालावर सारखाच असतो. नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यास खरेदीवर दिलेला कर बहुधा पुढील हिशेबांत वळता करून घेतां येतो. आपल्या जमिनींतील पीक विकणाऱ्या शेतकऱ्यास अशा नोंदणीचें बंधन नाहीं. पण त्यामुळें त्यास वळतेंही मिळत नाहीं. त्यानें भरलेला कर त्याच्याच माथीं राहतो. म्हणून ही सूट निफाड-दिंडोरीच्या बागाइतदारास खरीखुरी आहे; अर्थात् विक्रेत्यानें ती त्याच्यापर्यंत पोंचविली तर.

मूळ शुल्काची गोष्ट वेगळी. तें केवळ परदेशी मालावर पडतें, म्हणून देशी कारखान्यास त्याचा आडोसा मिळतो. १ फेब्रुवारी २०२२ च्या अंदाजपत्रकांत, जीं शेतीचीं अवजारें देशांत तयार होतात त्यांवरील जकात-माफी आवरती घेण्यांत आली, ती याच विचारानें. नाशिक जिल्ह्यांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू शेजारीं राहतात. येथें द्राक्षबागांसाठीं फवारणीयंत्रें बनविणारे कारखाने आहेत आणि तीं विकत घेणारे बागाइतदारही आहेत. एकास आडोसा हवा, दुसऱ्यास स्वस्ताई.

मग न्याय कोणता? लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते या समजुतीशीं त्यांस झगडावें लागलें. अखेर शेतकऱ्यास पटला तो नांगराचा गुण. माझ्या मतें जकातीच्या आडोशाचें मापही हेंच असावें. देशी कारखाना तितकेंच टिकाऊ यंत्र वेळेवर देत असेल, तर कांहीं वर्षें आडोसा योग्य आहे. जें यंत्र येथें होतच नाहीं, त्यावर भारी शुल्क लावणें म्हणजे कारखान्याचें रक्षण नव्हे. तो शेतकऱ्यावरील दंडच होय.

आपल्यापैकीं अनेकांच्या घरची शेती गांवीं कोणी भाऊबंद पाहत असतील. यंत्र घेतांना पावतीवर सदराचा क्रमांक व कराचा दर लिहिला आहे कीं नाहीं, एवढें त्यांस अवश्य पाहावयास सांगावें. महागाईमुळें रुळाची खरेदी लांबली, तर सामना पुढें ढकलतां येतो; पेरणीची वापसा मात्र कोणासाठीं थांबत नाहीं.