जिवंत मेंदूची प्रतिमा : सूक्ष्मता आणि काळ

चेन्नई येथील आयआयटी मद्रास या संस्थेत २०२२ साली स्थापन झालेल्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ हा मानवी गर्भाच्या मेंदूचा त्रिमितीय चित्रसंग्रह अभ्यासकांना खुला केला. गर्भावस्थेच्या १४व्या ते २४व्या आठवड्यांतील पाच मेंदूंचे ५,१३२ छेद त्यात असून पेशींची रचना त्यांत स्पष्ट दिसते. परंतु छेद घ्यावयाचा तर मेंदू मृत असावा लागतो. काल तो कसा होता आणि उद्या कसा होईल, हे छेद सांगू शकत नाही. बदलत्या मेंदूचा शोध घेण्यासाठी जिवंत प्राण्याकडेच वळावे लागते. प्रयोगशाळेतील उंदराच्या बाबतीत चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन, म्हणजेच एमआरआय, हे कार्य करते.

शरीरातील पाण्याच्या रेणूंत हायड्रोजन असतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्याची अणुकेंद्रे ठरावीक कंप्रतेच्या रेडिओ तरंगांना प्रतिसाद देतात. क्षेत्राची तीव्रता स्थानपरत्वे बदलती ठेवल्यास कंप्रतेवरून स्थान ओळखता येते, हे पॉल लाउटरबर यांनी १९७३ मध्ये दाखविले. या शोधाबद्दल त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रुग्णालयातील प्रतिमेचा सर्वांत लहान घटक म्हणजे साधारणतः एक मिलिमीटर बाजूचा घन होय. उंदराचा संपूर्ण मेंदू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा आणि त्याच्या बाह्यकाची जाडी सुमारे एक मिलिमीटर. ती सारी एका घनातच सामावेल. म्हणून बाजू एकदशांश करावी लागते. तसे करताच घनाचे आकारमान, आणि त्याबरोबर मिळणारा संकेत, सहस्रांश होतो.

ही हानी भरून काढण्यासाठी १.५ किंवा ३ टेस्लांऐवजी ७ वा ९.४ टेस्लांचे चुंबक वापरतात, डोक्यालगत लहानसे वेटोळे बसवितात आणि तेच मापन पुनःपुन्हा करून सरासरी काढतात. या शेवटच्या उपायाचे मोल मात्र मोठे आहे : स्पष्टता दुप्पट हवी असेल, तर वेळ चौपट लागतो. मृत मेंदू रात्रभर यंत्रात ठेवता येतो. जिवंत उंदीर श्वास घेतो आणि त्या हालचालीने प्रतिमा पुसट होते; भूल दिल्यावर त्याच्या शरीराची ऊब घटते. डोके स्थिर धरणे, ऊब पुरविणे आणि श्वासावर लक्ष ठेवणे हा म्हणूनच मापनाचाच भाग ठरतो.

या मर्यादेच्या बदल्यात एक अमूल्य गोष्ट हाती येते. तोच उंदीर आठवड्यामागून आठवडे तपासता येतो. विकाराची वाटचाल एकाच मेंदूत पाहता येते, आणि कमी प्राण्यांवर काम भागते. तथापि ०.१ मिलिमीटर बाजूच्या घनातही बाह्यकाच्या सुमारे शंभर मज्जापेशी असतात. तेथे दिसणारी छटा पेशी नष्ट झाल्यामुळे आली की सूज आल्यामुळे, याचा निर्णय बहुधा अखेर छेदच करतो. काळाची साक्ष जिवंत प्रतिमेने द्यावी आणि पेशीची छेदाने, अशीच या दोन पद्धतींची वाटणी आहे.