कर्म : कपाळीचे की हातचे?

‘कर्म’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात इतका मुरला आहे की, त्याच्या अर्थाकडे आपले सहसा लक्षच जात नाही. बस चुकली, ‘माझं कर्म!’ पेपर अवघड गेला, ‘कर्म माझं!’ ऐन पावसाळ्यात कौले गळू लागली की कपाळाला हात लावून पुन्हा तेच. आपल्या सीमाभागातला कानडी माणूसही अशा वेळी ‘नन्न कर्म’ म्हणूनच सुस्कारा टाकतो. दोन्ही भाषांत या उद्गारातला कर्म म्हणजे नशीब, कपाळी आलेला भोग. वास्तविक या शब्दाचा मूळ अर्थ याच्या नेमका उलट आहे. ‘कृ’ म्हणजे करणे, या धातूपासून तो बनला. कर्म म्हणजे कृती, केलेली गोष्ट. ‘सत्कर्म’, ‘नित्यकर्म’, ‘कर्मचारी’ या शब्दांत तो अर्थ अजून शाबूत आहे. करणाऱ्याचा हा शब्द सोसणाऱ्याचा कसा झाला, आणि तो पुन्हा करणाऱ्याच्या हाती कसा देता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्राचीन वैदिक वाङ्मयात कर्म म्हणजे मुख्यतः यज्ञकर्म. उपनिषदांच्या काळात या अर्थाला मोठे वळण मिळाले. बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो की, मेल्यानंतर देहाचे सारे घटक निसर्गात विलीन होतात, मग माणूस म्हणून काय उरते? याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला सभेतून बाजूला नेतो आणि दोघे कर्माविषयी बोलतात. निष्कर्ष साधा आहे : पुण्यकर्माने माणूस चांगला होतो, पापकर्माने वाईट. पुढे जैन दर्शनाने कर्माला सूक्ष्म द्रव्य मानले. रागद्वेषाने केलेल्या कृतीमुळे हे कर्मपुद्गल जीवाला चिकटतात, अशी त्यांची मांडणी आहे. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती पाहताना आपण शिल्पाची तारीफ करतो. त्या परंपरेने कर्माचा किती बारकाईने विचार केला आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. बुद्धाने भर दिला तो हेतूवर. त्याच्या मते चेतना, म्हणजे कृतीमागचा संकल्प, हेच खरे कर्म. तपशिलांत या दर्शनांचे मतभेद पुष्कळ आहेत; परंतु कर्माचा कर्ता माणूसच आहे, याविषयी त्यांचे दुमत नाही.

मग दैववाद शिरला कोठून? वेदान्ताच्या परंपरेत कर्माचे तीन प्रकार सांगतात : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. त्यासाठी धनुर्धराचा दृष्टान्त देतात. भात्यात साठलेले बाण हे संचित. धनुष्यातून सुटलेला बाण हे प्रारब्ध. आणि आता हातात धरून नेम घ्यावयाचा तो बाण म्हणजे क्रियमाण. सुटलेला बाण परत येत नाही हे खरे. पण हातातला बाण कोठे सोडायचा हे अजून ठरावयाचे आहे. आपल्या बोलण्यातून पहिले आणि तिसरे कर्म गळाले आणि ‘प्रारब्ध’ तेवढे उरले. तिसऱ्या बाणाचा विसर पडणे, हीच दैववादाची सुरुवात होय.

गीतेच्या अठराव्या अध्यायात याच प्रश्नाचा फार व्यवहारी विचार आला आहे. कोणतेही कर्म घडण्यास पाच कारणे लागतात : अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या हालचाली म्हणजे प्रयत्न, आणि पाचवे दैव. ही यादी आपल्या परीक्षेलाच लावून पाहा. अभ्यासाला बसावयाची जागा आणि धडधाकट शरीर हे अधिष्ठान. विद्यार्थी हा कर्ता. पुस्तके, प्रयोगशाळा, डोळे, कान ही साधने. टिपणे काढणे, उजळणी करणे हे प्रयत्न. आणि नेमक्या पेपरच्या दिवशी ताप भरणे हे दैव. दैव खोटे आहे असे गीता म्हणत नाही. परंतु पाचांत त्याचा वाटा एक, आणि नाव शेवटी. पहिल्या चारांची चौकशी न करता पाचव्यावर सारा दोष ढकलणे हा कर्मसिद्धान्त नव्हे, ती चुकवेगिरी झाली.

मात्र याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाच कारणे असताना ‘हे सर्व मी एकट्याने केले’ असे मानणाऱ्याची समजही गीतेला अपुरी वाटते. पहिल्या वर्गात आलेल्या विद्यार्थ्याने आपल्या यशात घरच्यांच्या काटकसरीचा, शिक्षकांच्या श्रमांचा, वेळेवर आलेल्या पहाटेच्या गाडीचा वाटा किती हे मोजून पाहावे. अपयशात खचू न देणारा आणि यशात फुगू न देणारा असा हा विचार आहे.

फळाच्या प्रश्नावर तर गैरसमज फारच आहेत. फळाची आशा धरू नये, म्हणजे निकालाची पर्वाच करू नये, असा सोयीचा अर्थ पुष्कळ जण घेतात. रुग्ण बरा व्हावा म्हणून डॉक्टर सर्व ज्ञान पणाला लावतो. पण शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचे चित्त मिळणाऱ्या नावावर गेले तर हात कापेल. फलाशा सोडणे म्हणजे काम करतेवेळी मन कामावर ठेवणे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात जो ग्रंथ लिहिला, त्याचे दुसरे नावच ‘कर्मयोगशास्त्र’ आहे. गीतेचे तात्पर्य संन्यासात नसून कर्म करीत राहण्यात आहे, हा त्यांचा सिद्धान्त. ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढल्याच वर्षी, एप्रिल १९१६ मध्ये, टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना आपल्या बेळगावात झाली. ग्रंथातला कर्मयोग आणि चळवळीतला कर्मयोग यांत त्यांनी अंतर राहू दिले नाही.

आता हे रोजच्या जीवनात कसे आणावे? पुनर्जन्म मानावा की न मानावा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कारण कर्माचे एक फळ याच जन्मी, आणि लगेच मिळते. प्रत्येक कृती करणाऱ्याच्या मनावर एक ठसा ठेवून जाते. आपले शास्त्रकार त्याला संस्कार म्हणतात. मित्राचे जर्नल उतरवून काढणाऱ्याला गुण मिळतीलही. पण त्याच वेळी तो ‘उतरवून काढणारा’ होत असतो. दुसऱ्या खेपेस त्याला कमी संकोच वाटतो, तिसऱ्या खेपेस मुळीच वाटत नाही. तोच प्रकार वर्षानुवर्षे पिवळ्या पडलेल्या टिपणांवर तास घेणाऱ्या प्राध्यापकाचा. येथे शिक्षा करणारा कोणी बाहेरचा लागत नाही. उलट रोज एक पान मन लावून वाचणाऱ्याच्या पदरातही तितक्याच निमूटपणे काहीतरी जमा होत असते.

कामाची प्रतिष्ठा आपल्या दोन्ही भाषांच्या संतपरंपरांनी शिकविली. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला. तेरच्या गोरोबांनी मडकी घडविणे सोडले नाही. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वर आणि शरणांनी ‘कायक’ आणि ‘दासोह’ हे दोन विचार मांडले : प्रामाणिक श्रमाने मिळवावे आणि मिळवलेले समाजात वाटावे. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करीत असे. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने जादा तांदूळ परत नेऊन टाकण्यास सांगितले, अशी कथा आहे. कर्म शुद्ध की अशुद्ध, हे ओळखण्याची यापेक्षा सोपी कसोटी सापडणे कठीण. ग्रंथालयातले एकमेव पुस्तक परीक्षा संपेपर्यंत घरी अडवून ठेवताना लक्कम्माची आठवण व्हावयास हवी.

येथवर बहुतेकांना मान्य होईल. खरी अडचण पुढे आहे. कर्माचा नियम आपण स्वतःला लावण्याऐवजी दुसऱ्याला लावू लागतो, आणि तेथे हा उदात्त विचार क्रूर बनतो. जन्माने माथी आलेली अस्पृश्यता हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे सांगून या देशात शतकानुशतके माणसांना पाणवठ्यापासून दूर ठेवण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली आणि कर्माचा नियम याच जन्माशी, माणसाच्या नैतिक जबाबदारीशी जोडला. त्यांचा आक्षेप समजून घेतल्याशिवाय आज कर्मावर बोलण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

आणि हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. दहावीनंतर एखाद्या मुलीची शाळा सुटते आणि शेजारी म्हणतात, ‘तिच्या कर्मात शिक्षण नव्हतं.’ तिने कोणते कर्म केले? शिकवायचे नाही हा निर्णय घरातल्या मोठ्यांचा. गावाला गाडी नाही ही व्यवस्थेची उणीव. मुलाची फी आधी भरली गेली, हेही कोणीतरी केलेले कर्मच. करणारे अनेक, आणि खाते मात्र तिच्या नावावर! ऑगस्ट २०१९ मध्ये घटप्रभा, मलप्रभा आणि कृष्णा यांना पूर आला आणि गोकाक, रामदुर्ग, चिकोडी, अथणी या भागांत संसार पाण्यात गेले. पाऊस हे दैव म्हणता येईल. पण पुराच्या पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला ‘तुझे भोग’ म्हणणे हे दैव नव्हे; ते म्हणणाऱ्याचे कर्म आहे. त्याला कोरडे कपडे आणि गरम भाकरी देणे, हेही कर्मच आहे. कोणते करावयाचे, हा तिसरा बाण आपल्या हातात असतो.

म्हणून कर्मसिद्धान्त वापरण्याचा एक साधा नियम सांगता येईल. स्वतःकडे पाहताना विचारावे, ‘यात माझे काय चुकले, आणि आता मी काय करू शकतो?’ दुसऱ्याचे दुःख पाहताना पहिला प्रश्न गाळावा आणि दुसरा तेवढा ठेवावा. कर्म हा आरसा आहे. तो आपल्या तोंडासमोर धरावयाचा असतो, दुसऱ्याच्या डोक्यात मारावयाचा नसतो.

विद्यार्थिमित्रांनो, निकालाच्या दिवशी फळ्यासमोर कोणी ना कोणी ‘माझं कर्म!’ म्हणेलच. म्हणू द्यावे, सुस्कारा टाकल्याने मन हलके होते. मात्र त्याचा अर्थ त्याला त्या दिवशी समजावून सांगत बसू नये. शेजारी उभे राहावे, पुरवणी परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख सांगावी, आणि आपली टिपणे त्याला द्यावीत.