साम्यवादभय : रंगभूमी व चित्रपट

साम्यवादी विचारांच्या प्रसाराने प्रस्थापित राज्यव्यवस्था उलथून पडेल, या आशंकेपोटी शासनाने वा मालकवर्गाने नाट्य व चित्रपट या कलांवर आणि त्यांतील कलावंतांवर घातलेली बंधने व त्यांचे परिणाम, असा या नोंदीचा विषय आहे. या भयाचे सर्वपरिचित उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १९४७ नंतरच्या दशकाचे होय. तथापि त्याच सुमारास मुंबई प्रांतातील तमाशा, पोवाडा, नाटक व बोलपट यांनाही त्याची झळ लागली. भय एकाच जातीचे असले, तरी त्याची साधने दोन्ही देशांत भिन्न होती आणि त्यामुळे परिणामही भिन्न झाले.

अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया चौकशी समितीने ऑक्टोबर १९४७ मध्ये हॉलिवुडमधील पटकथालेखक व दिग्दर्शक यांना साक्षीसाठी बोलाविले. साम्यवादी पक्षाच्या सदस्यत्वाविषयीच्या प्रश्नाला उत्तर देण्यास दहाजणांनी नकार दिला. समितीच्या अवमानाबद्दल त्यांना पुढे कारावास भोगावा लागला. परंतु खरी शिक्षा तुरुंगाबाहेर होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये प्रमुख चित्रपटनिर्मात्यांनीच एकत्र येऊन अशा व्यक्तींना काम न देण्याचे जाहीर केले व त्यातून काळी यादी अस्तित्वात आली. कोणत्याही कायद्यात तिचा उल्लेख नव्हता, त्यामुळे तिच्याविरुद्ध दाद मागणेही दुष्कर होते. डॉल्टन ट्रंबो यांच्यासारखे लेखक टोपणनावाने वा दुसऱ्याच्या नावाने लिहीत राहिले; रॉबर्ट रिच या टोपणनावाने त्यांनी लिहिलेल्या कथेला १९५७ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते घेण्यास ट्रंबो स्वतः अर्थातच पुढे येऊ शकले नाहीत. १९६० मध्ये ट्रंबो यांचे नाव पुन्हा पडद्यावर आले. ब्रॉडवेची रंगभूमी काही मोठ्या कंपन्यांच्या मुठीत नसल्याने तेथे या यादीचा अंमल सैल राहिला. आर्थर मिलर यांचे सतराव्या शतकातील चेटूक-खटल्यांवरील द क्रूसिबल हे नाटक १९५३ मध्ये तेथेच रंगमंचावर येऊ शकले.

भारतात असे भय स्वातंत्र्याबरोबर नव्याने निर्माण झाले नाही. नाट्यप्रयोगावर बंदी घालण्याचा अधिकार शासनाला देणारा नाट्यप्रयोग अधिनियम ब्रिटिशांनी १८७६ मध्येच केला होता. कृ. प्र. खाडिलकर यांच्या कीचकवध (१९०७) या नाटकावर १९१० मध्ये आलेली बंदी मराठी वाचकांना परिचित आहे. स्वतंत्र भारताच्या शासनाने हा कायदा तसाच पुढे चालविला. ज्या हत्याराने राष्ट्रवादी नाटककाराचे तोंड बंद केले, तेच राष्ट्रवादी नेते सत्तेवर येताच साम्यवादी शाहिरांकडे वळले, हे नमूद करणे भाग आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, साम्यवादी पक्षावरील बंदी उठली. मे १९४३ मध्ये मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन (इप्टा) ही संस्था स्थापन झाली. ख्वाजा अहमद अब्बास दिग्दर्शित धरती के लाल (१९४६) हा बंगालच्या दुष्काळावरील चित्रपट तिच्याच कार्यातून निघाला. मराठी कामगारवस्तीत मात्र इप्टापेक्षा लाल बावटा कलापथकाचा प्रभाव अधिक होता. अण्णाभाऊ साठे (१९२०–६९), अमर शेख (१९१६–६९) व द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये हे पथक उभारले. पोवाडे, लावण्या व वगनाट्ये गिरणगावात आणि खेड्यापाड्यांत नेऊन हजारोंच्या जमावापुढे ते सादर करीत. लिहिता-वाचता न येणाऱ्या श्रोत्यापर्यंत पक्षाचा विचार पोहोचविण्याचे याहून प्रभावी साधन त्या काळी नव्हते. शासनाची भीती सर्वस्वी निराधार होती, असे म्हणता येत नाही, ते याचमुळे.

फेब्रुवारी–मार्च १९४८ मध्ये कलकत्त्याला भरलेल्या अधिवेशनात भा. त्र्यं. रणदिवे पक्षाचे सरचिटणीस झाले आणि पक्षाने सशस्त्र उठावाचे धोरण स्वीकारले. तेलंगणातील लढा त्या वेळी चालूच होता. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. कार्यकर्त्यांची धरपकड झाली, विनाचौकशी स्थानबद्धतेचे कायदे वापरण्यात आले आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावरही याच काळात निर्बंध घालण्यात आले. फडांवरील आक्षेप मुख्यतः नैतिक होता, कलापथकावरील राजकीय. दोहोंचा भार मात्र एकाच कलाप्रकारावर पडला. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा आधीच बदलावयास घेतला होता : गणात गणपतीऐवजी मातृभूमी, हुतात्मे व श्रमिक यांना वंदन केले, कृष्ण-गोपींची गौळण गाळली आणि वगात सावकार, पुढारी व गिरणीमालक आणले. या नव्या रूपास लोकनाट्य हे नाव रूढ झाले. नाव बदलल्याने पोलिसांचा ससेमिरा काही अंशी चुकला आणि पांढरपेशा प्रेक्षकही या कलेकडे वळला. बंदीचा हा अनपेक्षित लाभ म्हणावा लागेल. पारंपरिक फडांवर पोट असलेल्या कलावंतांच्या वाट्याला मात्र त्यातील फारसे काही आले नाही.

हिंदी चित्रपटसृष्टीत घडले ते अमेरिकेच्या नेमके उलट. १९४९ मध्ये बलराज साहनी यांना मोर्चात अटक झाली, त्या वेळी ते हलचल (१९५१) या चित्रपटात भूमिका करीत होते आणि ती भूमिका जेलरची होती. निर्माते के. आसिफ यांनी खटपट करून त्यांना ऑर्थर रोड तुरुंगातून चित्रीकरणासाठी बाहेर आणण्याची परवानगी मिळविली. गीतकार मजरूह सुलतानपुरी यांनी कामगारांच्या सभेत पंडित नेहरूंवर टीका करणारी कविता वाचली. क्षमायाचना करण्यास नकार दिल्याने त्यांनाही कारावास घडला. त्या काळात राज कपूर यांनी त्यांच्याकडून गीत लिहून घेऊन त्यांच्या कुटुंबाला आधार दिला, असे सांगतात. मुंबईच्या निर्मात्यांनी काळी यादी केली नाही. यामागे औदार्य होतेच, पण व्यवहारही होता. येथील धंदा अनेक छोट्या निर्मात्यांत विखुरलेला होता आणि सर्वांना एका निर्णयाने बांधील अशी त्यांची संघटना नव्हती. परिणामी इप्टातील लेखक, गीतकार व नट चित्रपटांत स्थिरावले आणि रंगभूमी मात्र रोडावली. तिच्या ऱ्हासाचा सर्व दोष शासनाला देणेही योग्य होणार नाही. १९४८ नंतर पक्षाने आपल्या कलावंतांकडून जी एकसाची निष्ठा मागितली, तिच्यामुळेही अनेकजण दूर गेले.

न्यायालयांनी या बंधनांना काही प्रमाणात आळा घातला. मुंबईहून निघणाऱ्या क्रॉस रोड्स या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली प्रवेशबंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये अवैध ठरविली. लखनौमध्ये १९५३ साली इप्टाने केलेल्या ईदगाह या प्रेमचंदांच्या कथेवरील प्रयोगासंबंधीच्या खटल्यात १८७६ चा कायदा घटनाबाह्य असल्याचा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६ मध्ये दिला. अमेरिकेने पारपत्र रोखून धरलेले कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोब्सन यांचा साठावा वाढदिवस १९५८ मध्ये भारतात साजरा झाला, तेव्हा त्यासाठीच्या समितीचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी स्वीकारले होते, ही गोष्टही उल्लेखनीय आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत (१९५६–६०) लाल बावट्याचे शाहीर सर्व पक्षांच्या व्यासपीठांवर पुन्हा दिसू लागले आणि त्यांच्याविषयीचे भय जनमानसात तरी ओसरले. १९६२ च्या चीनच्या आक्रमणानंतर ते परत उफाळले व साम्यवादी कार्यकर्त्यांची मोठ्या प्रमाणावर स्थानबद्धता झाली. त्याच युद्धावरील हकीकत (१९६४) या चित्रपटात बलराज साहनी यांनी भूमिका केली आणि त्याची गीते कैफी आझमी यांनी लिहिली. पुढच्याच वर्षी मुंबईतील १९४६ च्या नाविकांच्या बंडावर कल्लोल हे बंगाली नाटक रंगभूमीवर आणणारे उत्पल दत्त कलकत्त्यात विनाचौकशी तुरुंगात गेले.

१८७६ चा अधिनियम २०१७ च्या निरसन कायद्याने रद्द झाला. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी तपासणारे परिनिरीक्षण मंडळ १९५४ मध्ये स्थापन झाले, ते पोलीस कायद्याखालील नियमांच्या आधारे. त्याचा संबंध १८७६ च्या अधिनियमाशी नसल्याने त्या निरसनाचा मंडळावर परिणाम झाला नाही.