जागा विकताना, जागा घेताना

‘‘काय, जागेचं जमलं का?’’ मुंबईत हा प्रश्न मुलीच्या लग्नाइतक्याच काळजीनं विचारतात. गेल्या वर्षी तो आम्हांलाही रोज ऐकावा लागला. परळची सासऱ्यांची जागा विकायची आणि डोंबिवलीला जरा ऐसपैस घर घ्यायचं, असं ठरलं होतं. यात नवल काही नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर चढले, आणि गिरणगावातला माणूस रुळांच्या कडेनं डोंबिवली, बदलापूर, विरार असा लांब लांब सरकत गेला.

आता जुन्या सोसायट्यांत ‘बिल्डर येणार’ अशी नुसती कुजबूज झाली तरी विकणारा भाव चढवतो. करारनामा नोंदवलेला नसेल तर त्या कुजबुजीचे पैसे मुळीच देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमची गाडी अडली ती कागदावर. सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेली जागा. मृत्युपत्र नाही, नॉमिनी सासूबाई. आम्हांला वाटलं, झालं, त्याच मालक! घेणाऱ्यांच्या वकिलांनी समजावलं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बायको, मुलगा आणि मुलगी, तिघांचा सारखा हक्क. म्हणजे वन्संची सही हवी.

‘‘ताई देईल की हक्कसोड लिहून,’’ हे सहज म्हणाले. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘तिला विचारलंस का?’’

विचारलं. वन्सं म्हणाल्या, ‘‘सही करीन, पण माझा वाटा घेऊन.’’ खोटं कशाला बोलू, मला रागच आला. एक खोली कमी होणार होती ना आमची! रात्री झोप येईना, तेव्हा आठवलं, माहेरच्या घराच्या कागदावर मी सही केली होती ती न वाचताच. भाऊ नाराज होईल म्हणून. वन्संनी तेवढं धाडस केलं, जे मला जमलं नव्हतं. अखेर तिघांनी मिळून जागा विकली आणि पैशांचे तीन सारखे भाग केले.

मग डोंबिवलीत घरं बघायला लागलो. एका जुन्या इमारतीत दलाल म्हणाला, ‘‘सातशे फूट आहे, वहिनी.’’ मी पिशवीतून शिवणाची टेप काढली. ह्यांना लाजल्यासारखं झालं. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं तर जेमतेम पावणेपाचशे भरलं! बाकीचे फूट जिन्यात आणि गच्चीवर. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला. नव्या बांधकामात बिल्डरला चटई क्षेत्रच सांगावं लागतं, आणि करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जुन्या जागेत मात्र आपली टेपच खरी.

शेवटी ४५ लाखांची, एकच खोली जास्त असलेली जागा ठरली. नाव कुणाचं घालायचं? घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, ही गोष्ट २०२१ ची. तेव्हा पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ साली काढली. नवराबायको दोघांची नावं असली तर मात्र सवलत नाही. सासूबाई आणि मी, अशी दोन नावं घातली. ४५ हजार वाचले. ह्यांनी तोंड थोडं वाकडं केलं, पण आकडा ऐकून गप्प बसले.

नोंदणीच्या दिवशी सासूबाई नऊवारी नेसून आल्या. अंगठ्याचा ठसा देताना त्यांनी कारकुनाला थांबवलं आणि मला म्हणाल्या, ‘‘आधी वाच सगळं मोठ्यानं.’’ मागे रांग खोळंबली होती. मी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.